ब्रेक लावून बघ

"दिसतेय का?"

कॅप्टन रेगुंडवारांनी कॉकपिटच्या बाजूच्या छोट्या झडपेतून डोकं बाहेर काढून विचारलं. मी विमानाच्या पोटाखाली, डाव्या चाकांपाशी उकिडवा बसलो होतो. मार्चची एकतीस तारीख, सकाळचे साडेअकरा आणि पाथरवाडीचं ऊन. एका साखर कारखान्याने हौसेने बांधून घेतलेली ती आखूड धावपट्टी. खालचं डांबर इतकं तापलं होतं की हात टेकवत नव्हता.

"नाही सर."

"नीट बघ की रे बाबा."

"नीटच बघतोय. आतल्या चाकाची पिन दिसत नाहीये. सपाट झालीय."

आमच्या विमानाच्या प्रत्येक ब्रेकवर बोटाच्या पेराएवढी एक पिन असते. ब्रेक झिजत जातो तशी ती आत सरकते. उड्डाणाआधी पार्किंग ब्रेक लावायचा, चाकापाशी वाकायचं आणि पिन किती बाहेर आहे ते बघायचं. बाहेर असेल तर उडायचं. कडेशी सपाट झाली असेल तर तो ब्रेक संपला, विमान जागचं हलवायचं नाही. शेंबड्या पोरालाही कळेल इतकी सोपी गोष्ट.

वरून सर म्हणाले, "थांब. मी ब्रेक सोडतो. आता बघ."

चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले होते, त्यामुळे ब्रेक सोडल्याने विमान कुठे जाणार नव्हतं. आत बारीकसा 'सुस्स' आवाज झाला, ब्रेकच्या चकत्या सैल झाल्या आणि पिनेने बिळातल्या उंदरासारखं नाक बाहेर काढलं. ब्रेक सोडला की ती थोडी बाहेर येतेच. म्हणून तर लावून बघायची असते. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"आता?"

"आता दिसतेय."

"किती?"

"दोन मिलिमीटर असेल. पण सर, ब्रेक सोडून..."

"दिसतेय ना? मंग बसून काय राहायलास? वर ये."

मी उठलो, हात पँटला पुसले आणि वर गेलो.

आता त्या दोन मिलिमीटरमागे काय होतं ते सांगतो, नाहीतर आम्ही दोघे नुसतेच बेफिकीर वाटू, आणि तसे आम्ही नव्हतो.

माझी कंपनी होती मेघवाट एअर. नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण आमच्या विमानांवर ते नसायचंच. शेपटीवर रंग एका मोठ्या कंपनीचे, तिकिटावर नाव तिचं, हवाईसुंदरीच्या ओठांवर स्वागतही तिच्याच नावाने. आमचं नाव दाराखाली वीतभर अक्षरांत, तेही शिडी लागली की झाकलं जायचं. छोट्या गावांची उड्डाणं मोठी कंपनी स्वतः करत नसे, कंत्राटावर आमच्यासारख्यांना देई. तिला आम्ही आपापसात 'थोरले' म्हणायचो. तीन वर्षांनी कंत्राट संपलं की आम्ही आणि पूर्वा एअर असे दोघे त्याच्यासाठी झोंबायचो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. प्रत्येक वेळी थोरल्यांना आधीपेक्षा स्वस्तात वैमानिक मिळायचे.

त्या वर्षी अट अशी होती की शेवटच्या तिमाहीत स्वतःच्या दोषाने सहापेक्षा जास्त उड्डाणं रद्द झाली, तर मेघवाट बाद. हवा खराब, विमानतळ बंद, हे आपल्या खात्यात नाही. यंत्र बिघडलं, वैमानिक आला नाही, हे आपल्या खात्यात. आमची सहा भरली होती. एकतीस मार्चच्या संध्याकाळी मोजणी संपणार होती.

पाथरवाडीत इंजिनिअर नव्हता. पिनेची नोंद विमानाच्या लॉगबुकात केली असती, तर नवा ब्रेक पुण्याहून रस्त्याने यायला सहा तास, बसवायला आणखी, आणि अंधारात उडायला पट्टीवर दिवे नाहीत. म्हणजे उड्डाण रद्द. म्हणजे सातवं.

आणि कंत्राट गेलं की वैमानिकाचं काय होतं ते बाहेरच्यांना कळत नाही. लोक म्हणतात, विमानं तीच, गावं तीच, पूर्वावाल्यांना वैमानिक लागणारच, जा की तिकडे. जाता येतं. पण आमच्यात सगळी पत कंपनीतल्या क्रमांकावर असते. कंपनी बदलली की तुम्ही वीस वर्षं कॅप्टन असलात तरी यादीत सगळ्यात खाली, आणि डावी खुर्ची सोडून उजवीत, सहवैमानिक म्हणून. सापशिडीच्या पटावर अठ्ठ्याण्णवला साप असतो ना, तसं.

रेगुंडवार सरांना तो साप दोनदा चावला होता. बावन्न वर्षांचा माणूस, मूळचे नांदेडकडचे, अकरा हजार तास उडालेले. आधीच्या दोन कंपन्यांची कंत्राटं गेली आणि दोन्ही वेळा ते डावीकडून उजवीकडे आले होते. त्यांनीच शिकवलेल्या पोराला 'सर' म्हणत त्यांनी चार वर्षं काढली होती. मेघवाटमध्ये डावी खुर्ची परत मिळून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं.

आणि मी, सारंग मुळीक, वय तीस. सहवैमानिकांच्या यादीत मी पहिला होतो. कंत्राट टिकलं तर पुढच्या महिन्यात मी कॅप्टन होणार होतो. कॅप्टनच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असतात, माझ्या तीन होत्या. चार पट्ट्यांचा जोड मी विकत आणून कपाटात शर्टांखाली ठेवलाही होता. बाजारात तुरी, दुसरं काय!

वर गेलो तर सर फोनवर होते. पलीकडे साळसकर, आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. त्यांचा आवाज फोनमधून मला इतका स्पष्ट ऐकू येत होता की स्पीकरची गरज नव्हती.

"कॅप्टन, मला काही ऐकायचं नाही. पिन आहे की नाही एवढं सांगा."

"आहे म्हणलं तर आहे."

"मग लॉगबुकात काय लिहायचं?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगणार? विमान तुमच्या ताब्यात. मी एवढंच म्हणतो, बासष्ट वैमानिक आहेत आपले. इथे पुण्यात लांब धावपट्टी आहे, ब्रेकला हात न लावता उतराल. इथे आलात की पहिलं काम म्हणून नवा ब्रेक बसवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, कॅप्टन."

सरांनी फोन ठेवला आणि लॉगबुक माझ्याकडे सरकवलं. तपासणीची सही सहवैमानिकाने करायची असते, कारण वाकून बघतो तो.

"तुला पाहिजे तर नको करू," ते म्हणाले. "मी जबरदस्ती करत नाही."

"तुम्हाला काय वाटतं सर?"

"मला काय वाटायचंय. उतरताना मी बघून घेतो. तेवढं उडवायला येतं मला."

मला कपाटातल्या पट्ट्या आठवल्या. खोटं कशाला सांगू, सरांचं तिसऱ्यांदा पायउतार होणं आठवलं नाही, बासष्ट वैमानिक आठवले नाहीत, पट्ट्या आठवल्या. मी सही केली.

एक्केचाळीस प्रवासी बसले. दार लागलं. इंजिनं सुरू झाली आणि आम्ही धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलो.

उड्डाणाच्या आधी प्रत्येक कॅप्टन एक पाठ म्हणतो. हजारदा म्हटलेला असला तरी म्हणायचाच, आरतीसारखा. अमुक वेगापर्यंत काही बिघडलं, काही आडवं आलं तर मी थांबणार, त्या वेगानंतर थांबायचं नाही, वर जायचं. ज्याला आधी दिसेल त्याने मोठ्याने बोलायचं. सरांचा पाठ खणखणीत असायचा. त्या दिवशी त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हे बघ मुळीक. उतरायला पुण्यात जागा भरपूर आहे. इथे थांबायला नाही. म्हणून आज थांबायचं नाही. काही झालं तरी वर जायचं. कळलं?"

"कळलं."

"काही झालं तरी."

"हो सर."

त्यांनी इंजिनांना जोर देणारी दोन्ही हँडल पुढे ढकलली. विमान थरथरलं आणि पळू लागलं.

माझं काम वेग वाचायचं. काटा चढत होता. "सत्तर," मी म्हणालो आणि सवयीने मान वर करून पुढे पाहिलं.

पाथरवाडीच्या धावपट्टीने गावाचे दोन तुकडे केले होते. घरं एका अंगाला, शेतं दुसऱ्या अंगाला. वळसा दोन कोसांचा पडायचा म्हणून लोकांनी तारेच्या कुंपणाला भोक पाडलं होतं. बुजवलं की आठवड्यात नवं. त्या भोकातून एक बाई आत आली होती. डोक्यावर कडब्याचा एवढा मोठा भारा की दोन्ही बाजूंनी तिच्या तोंडावर झुलत होता. तिला आम्ही दिसणं शक्यच नव्हतं. ती धावपट्टीच्या कडेवर होती आणि चालत होती.

मी बोलायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली होती म्हणेन, तर ते खरं नाही. मी मनात हिशेब करत होतो. थांबलो तर ब्रेक नाही. नाही थांबलो तर कदाचित ती पलीकडे निघून जाईल. कदाचित तिच्या आधी आमची चाकं उचलतील. एक सेकंद गेला असेल, फार तर दोन. त्या दोन सेकंदांत मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला असावा. ती मधोमध आली आणि तिथेच थिजली.

"आई गं!" सर ओरडले आणि त्यांनी हँडल मागे ओढली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोन्ही पायांनी ब्रेक दाबत खुर्चीतून जवळजवळ उभे राहिलेले सर. मागून आलेली किंकाळी. डावीकडून धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज. डावा ब्रेक धरत नव्हता, उजवा धरत होता, म्हणून विमान उजवीकडे ओढलं जात होतं. समोरच्या काचेत ती बाई मोठी मोठी होत चालली होती. तिच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसला, काठ दिसला. मग ती काचेच्या डाव्या बाजूला सरकली, उजवं चाक डांबर सोडून मुरमात रुतलं, आणि आम्ही थांबलो.

कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. तिच्यापासून विमानाचं नाक अकरा पावलांवर होतं. मी नंतर मोजली.

प्रवाशांना उतरवून झाडाखाली नेलं. कारखान्याच्या बंबाने डाव्या चाकावर पाणी मारलं. वाफ आणि जळका वास सगळीकडे पसरला होता. सर विमानाच्या नाकाखाली उभे होते. टोपी कुठे पडली होती कोणास ठाऊक. ती बाई कडबा गोळा करून, भारा पुन्हा बांधून आमच्याकडे आली. साठीची असेल. घाबरलेली नव्हती, संतापली होती.

"काय वो, दिसत न्हाई का तुमास्नी? एवढ्या काचा कशापायी बशिवल्यात?"

सर हात जोडून म्हणाले, "चुकलं माय."

"चुकलं म्हनून काय? मेले असते की म्या." मग तिने चाकाकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं, आणि तिचा आवाज उतरला. "पर थांबलात बाबा. देवानं थांबिवलं. म्या म्हनलं, ह्या इमानाला बिरीक नसत्यात."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवत, मग पोट धरून खाली बसले. मला वाटलं, बरं झालं, मोकळे झाले. मी जवळ गेलो तेव्हा कळलं की ते रडत होते.

बाईने मला विचारलं, "ह्येंना काय झालं? म्या काय वंगाळ बोलले का?"

"नाही मावशी," मी म्हणालो. "तुम्ही जा."

ती भारा डोक्यावर घेऊन पलीकडे, आपल्या वाटेने, निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

पाच मिनिटांत साळसकरांचा फोन आला, या वेळी मला. त्यांचा आवाज चक्क आनंदी होता.

"मुळीक, अरे वाचलो आपण! बाई आडवी आली ना? कुंपण तुटलेलं होतं ना? मग हे रद्द उड्डाण विमानतळाच्या खात्यात, आपल्या नाही. आणि ब्रेकचं म्हणशील, तर इतक्या जोरात थांबल्यावर कुठलाही ब्रेक जळणारच. आता पिन आधी होती की नव्हती, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

"हो सर."

"थोरल्यांच्या सुरक्षा विभागाच्या कर्णिकबाई आज तुमच्याच जिल्ह्यात होत्या, निघाल्यात गाडीने. तीनपर्यंत पोहोचतील. त्या विचारतील, तू सांग, पिन तीन मिलिमीटर होती. सही तुझीच आहे, तेव्हा दुसरं काही सांगणं तुलाही परवडणार नाही. रेगुंडवारांना तर शाबासकीचं पत्र मिळेल. आणि पुढच्या महिन्यात तुझी कमांड, डावी खुर्ची. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, असं करू नकोस."

मी जाऊन सरांना सांगितलं. ते झाडाखाली प्रवाशांना पाणी देत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" एवढंच म्हणाले. ते 'बरं' मला होकारासारखं वाटलं.

कर्णिकबाई अडीचलाच आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडी, पायात मात्र बूट. पूर्वी हवाई दलात इंजिनिअर होत्या म्हणे. आधी त्या एकट्याच चाकापाशी जाऊन वाकल्या आणि बराच वेळ तिथे राहिल्या. मग धावपट्टीवरच्या टायरच्या काळ्या खुणांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. शेवटी विमानतळाच्या एकुलत्या एक खोलीत आम्हा दोघांना समोर बसवलं आणि वही उघडली. वर पंखा कुरकुरत होता.

"मुळीक, बाहेरची तपासणी तुम्ही केली?"

"हो."

"डावीकडच्या आतल्या ब्रेकची पिन किती होती?"

"तीन मिलिमीटर."

किती सहज निघालं तोंडातून! दोनाचे तीनही झाले होते.

"पार्किंग ब्रेक लावलेला होता?"

मी सरांकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर होतं, त्यावरच्या उसाच्या फडाकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो.

"नव्हता," रेगुंडवार सर म्हणाले.

पंखा कुरकुरत राहिला.

"ब्रेक लावलेला होता, तेव्हा पिन सपाट होती बाई," सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता, हवामान सांगावं तसा. "ह्याने मला तसं सांगितलं. मी ब्रेक सोडला आणि पुन्हा बघ म्हणलो. मी कॅप्टन. निर्णय माझा. ह्या पोराला त्यात ओढू नका."

"कॅप्टन रेगुंडवार, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय?" कर्णिकबाई म्हणाल्या. "हे लिहिलं की उड्डाण तुमच्या कंपनीच्या खात्यात जातं. तुमचं सातवं."

"हौ. कळतंय."

"आणि तुमचा परवाना."

"तेही."

"मग का सांगताय? मला एवढ्यावरून सिद्ध करता आलं नसतं."

सर थोडे अडखळले. "ती बाई म्हणली, तिला वाटलं विमानाला ब्रेक नसतात. आता मी तिला काय सांगायचं? असतात, पण आमचं कंत्राट होतं, म्हणून आज नव्हते, असं?"

कर्णिकबाईंनी पेन उचललं. मग वही माझ्याकडे वळवली. 'पार्किंग ब्रेक' या शब्दांपुढची जागा कोरी होती.

"तुमची उत्तरं मी अजून लिहिलेली नाहीत, मुळीक. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी रोज बघते, म्हणून पहिलं उत्तर मी कधीच लिहीत नाही. पुन्हा विचारते. पिन किती होती?"

"नव्हती," मी म्हणालो. "ब्रेक लावून बघितली तेव्हा नव्हती. सही माझी आहे. मला कोणी हात धरून करायला लावली नाही."

त्यांनी लिहिलं. "आणखी काही?"

तिथे मी थांबू शकलो असतो. जे सरांनी आधीच सांगून टाकलं होतं, तेच मी सांगितलं होतं. त्यात माझी मर्दुमकी काही नव्हती. पण माझ्याजवळ एक गोष्ट होती, जी त्यांच्याजवळही नव्हती. ती नाही सांगितली तर जन्मभर मला एकट्याला सांभाळावी लागेल, याची मला भयंकर भीती वाटली. साळसकरांची वाटली नाही एवढी वाटली.

"ती भाऱ्याची बाई मला आधी दिसली होती," मी म्हणालो. "ती कडेवर असतानाच. मी बोललो नाही."

"का?"

"ब्रेक नाही हे माहीत होतं म्हणून."

रेगुंडवार सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं, आणि मग टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

सरांचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला, माझा तीन. साळसकरांनी मला फोनवर जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. मेघवाटच्या बासष्टांपैकी किती जणांनी पुढे माझ्याशी बोलणं टाकलं ते मोजत बसलो नाही, पण बरेच होते, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. कंत्राट पूर्वा एअरला गेलं. विमानं तीच आली, दाराखालचं नाव तेवढं खरवडून नवं लिहिलं.

पूर्वामध्ये रुजू झालो तेव्हा यादीत माझा क्रमांक एकाहत्तरावा होता. तिथल्या कचेरीत कागदांवर सह्या करताना थोरल्यांच्या कंत्राटाची प्रत माझ्यासमोर आली. मी सहज तारीख वाचली. सव्वीस मार्च. आमची मोजणी संपायच्या पाच दिवस आधी थोरल्यांनी सही करून टाकली होती. आम्ही एकतीस तारखेला ज्याच्यासाठी एक्केचाळीस माणसं त्या पट्टीवरून पळवली, ते आमच्या हातून आधीच गेलेलं होतं. मी कागद तसाच ठेवला, बाहेर गेलो आणि जिन्यात बसून राहिलो.

चार पट्ट्या खांद्यावर यायला मला त्यानंतर सहा वर्षं लागली. कपाटातला जोड काढला तेव्हा त्यांचं सोनेरी काळपट झालं होतं. तोच लावला.

कॅप्टन होऊन महिना झाला नसेल. ड्यूटीच्या तक्त्यात माझ्या नावाखाली सहवैमानिक म्हणून नाव होतं, दि. रेगुंडवार. उड्डाण पाथरवाडीचं.

तेही पूर्वातच होते, माझ्यानंतर आलेले, म्हणून यादीत माझ्याखाली. अठ्ठावन्न वर्षांचे. तिसऱ्यांदा उजवी खुर्ची. त्या दिवशी त्यांनी जाताना पिकल्या मिशीतून दोनच गोष्टी विचारल्या, माझ्या लेकीची शाळा आणि माझ्या वडिलांची तब्येत. पाथरवाडीत उतरलो. कुंपणाच्या जागी आता भिंत होती आणि भिंतीत गावासाठी एक भुयारी वाट.

परतीच्या आधी बाहेरची तपासणी सहवैमानिकाने करायची. मी झडपेतून बघत होतो. सर चाकापाशी गेले, गुडघ्यावर हात दाबत, थांबत थांबत खाली बसले. मला उठून जावंसं वाटत होतं, पण ते त्यांना आवडलं नसतं.

"सर!" त्यांनी खालून हाक मारली. मला. "ब्रेक लावा, सर!"

मी ब्रेक लावला.

"आहे," ते म्हणाले. "चार मिलिमीटर."

ते वर येऊन बसले, घाम पुसला, पट्टा बांधला. ती गोष्ट मला अजून गिळता आली नव्हती, म्हणून मी म्हणालो, "सर, एक सांगायचं राहिलंय. तेव्हा ते कंत्राट सव्वीसलाच पूर्वाला दिलेलं होतं. आपण उगाचच..."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "मीही सही केलीय त्याच कचेरीत."

"मग? तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. दोन दिवस जेवलो नाही." ते काचेतून धावपट्टीकडे बघत होते. "पण मुळीक, कंत्राट सव्वीसचं असू दे नाहीतर सोळाचं. पिन तर एकतीसलाच नव्हती ना?"

मी इंजिनं सुरू केली, टोकाला जाऊन वळलो. समोर ती आखूड पट्टी उन्हात पसरली होती. मी घसा खाकरला आणि पाठ म्हटला, सगळा, एक अक्षर न गाळता. "...तोपर्यंत काहीही आडवं आलं, तर ज्याला आधी दिसेल त्याने बोलायचं. बोललं की थांबायचं."

"बोलायचं," रेगुंडवार सर म्हणाले. "थांबायचं."

मी हँडल पुढे ढकलली.